सरळसेवा भरतीचा अर्ज : आधी कागद, मग फॉर्म

निवड यादीत नाव आलं, पण कागदपत्र पडताळणीत बाद झालं. तलाठी, जिल्हा परिषद, पोलीस, कुठलीही भरती घ्या, निकालानंतर ही तक्रार ऐकू येतेच. अशा उमेदवारांना गुण पुरेसे असतात. बाद होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं : फॉर्ममध्ये ज्या सवलतीवर टिक केलं, तिचा दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा होता किंवा नव्हताच.

फॉर्ममध्ये ‘होय’ निवडलं की तो तुमचा दावा होतो, आणि त्याचा पुरावा त्या भरतीच्या शेवटच्या तारखेला हातात असावा लागतो. आपल्या कोल्हापुरात क्रम उलटा चालतो. जाहिरात आली की मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत राजारामपुरीतल्या नाहीतर स्टँडजवळच्या नेट कॅफेत गर्दी. कॅफेवाला विचारतो, “नॉन-क्रिमीलेअर आहे काय?” आणि उत्तर जातं, “टाक की, काढतोय.” तिथेच निम्मी भरती हातातून गेलेली असते.

खालचे टप्पे राज्य शासनाच्या गट-क सरळसेवा (म्हणजे बढतीने नव्हे, थेट) भरतीसाठी आहेत. पोलीस भरतीचे फरक वेगळे दिले आहेत.

टप्पा १ : जाहिरात नसतानाच फाइल तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. परीक्षेचा अभ्यास वर्षभर चालतो, तसं हेही वर्षभराचं काम आहे.

*नावापासून सुरुवात.* दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव हा पाया धरा. आधार, पदवी, जातीचा दाखला, डोमिसाईल सगळं त्याच्याशी अक्षरशः जुळतं का पाहा. ‘पाटील’ आणि ‘पाटील-कळंबेकर’, वडिलांच्या नावापुढचं ‘राव’, इंग्रजी स्पेलिंगमधलं एखादं जास्तीचं अक्षर, असल्या फरकांवरून पडताळणीच्या टेबलावर अर्धा दिवस जातो. आधार दुरुस्त करून घ्या. ते त्यातल्या त्यात सोपं आहे. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र फाइलला लावून ठेवावं. फॉर्म मात्र जाहिरातीत सांगितलेल्या नावानेच भरायचा, आणि ते बहुधा दहावीचंच असतं.

*जातीचा दाखला.* तो प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून जातो. अडतं ते जुन्या पुराव्यापाशी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचं वास्तव्य आणि जातीची नोंद दाखवावी लागते. म्हणजे आजोबा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा उतारा. गावच्या जुन्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला सुट्टीच्या आधी जा, मे महिन्यात मुख्याध्यापक सापडत नाहीत. संस्थानकाळातली नोंद मोडी लिपीत असली तर नुसती झेरॉक्स चालणार नाही. अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या.

*नॉन-क्रिमीलेअर.* म्हणजे मागास प्रवर्गातलं आपलं कुटुंब ‘उन्नत’ गटात मोडत नाही याचा दाखला. सर्वाधिक घोळ इथेच होतो. अनुसूचित जाती-जमातींना हा लागत नाही; इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागतो. दाखल्यावर ‘या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं आणि ती तारीख बहुधा ३१ मार्च असते. त्यामुळे एप्रिल उजाडला की नवीन दाखल्याचा अर्ज टाकायचाच, जाहिरात असो वा नसो. दुसरा गैरसमज उत्पन्नाचा. ८ लाखांची मर्यादा मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आईवडील शासनात कोणत्या गटाच्या पदावर आहेत ते वेगळं तपासतात. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात वडिलांना ९ लाख पगार आहे म्हणून ‘आपण बसत नाही’ असं समजून खुल्यातून अर्ज भरणारी मुलं दरवर्षी भेटतात.

खुल्या प्रवर्गातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी नॉन-क्रिमीलेअरची अट मे २०२३ मध्ये रद्द झाली. मागास प्रवर्गातल्या ज्यांना तो आधीपासून लागतो, त्यांना अजूनही लागतो. ‘मुलींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही’ एवढंच ऐकून फाइल बंद करू नका.

*मराठा उमेदवारांसाठी.* घरात कुणबी नोंद सापडून दाखला मिळालेला असेल तर इतर मागासवर्ग. नसेल तर २०२४ च्या कायद्याने दिलेला १० टक्क्यांचा एसईबीसी प्रवर्ग. एसईबीसीत बसणाऱ्याला राज्याच्या भरतीत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मिळत नाही. केंद्राच्या भरतीत मात्र एसईबीसी नावाचा प्रवर्गच नाही, तिथे ईडब्ल्यूएसचा वेगळ्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यात पाच एकर शेतीसारख्या मालमत्तेच्या अटी असतात. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी दोन वेगळे दाखले, दोन वेगळ्या पाकिटांत ठेवावेत. आणि ईडब्ल्यूएसच्या ८ लाखांत पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. नॉन-क्रिमीलेअरचा नियम इथे लावू नका.

*सीमाभाग.* चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे हा प्रश्न घरोघरी आहे. निपाणी-बेळगावकडून आलेल्या सुनेला सासरच्या जातीवर दाखला मिळत नाही. जात माहेरची, आणि कर्नाटकच्या तहसीलदारांचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला चालत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात राहणाऱ्या उमेदवारांना मात्र डोमिसाईलऐवजी त्या गावातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देता येतो. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा रकाना असतो. तो न पाहता ‘महाराष्ट्राचे रहिवासी : होय’ करून पुढे जाऊ नका.

*समांतर आरक्षण.* म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधलाच राखीव वाटा. महिला ३०, माजी सैनिक १५, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २, दिव्यांग ४, अनाथ १ टक्का. आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी जास्त लागू होतात.

प्रकल्पग्रस्त : काळम्मावाडी, वारणा, चित्री अशा धरणांत जमीन गेलेली कुटुंबं खूप आहेत. दाखला जिल्हा पुनर्वसन शाखेतून मिळतो आणि कुटुंबातल्या एकालाच त्याचा लाभ होतो. चुलतभावाने आधीच नोकरी घेतली असेल तर तो दाखला संपला. हे घरात बसून, चहा पिताना विचारून घ्या. पडताळणीच्या दिवशी कळलं तर नातंही जातं आणि नोकरीही.

खेळाडू : पेठेतल्या फुटबॉल लीगचं प्रशस्तिपत्र किंवा जत्रेतल्या मैदानातली कुस्ती यावर ५ टक्क्यांतली जागा मिळत नाही. जाहिरातीत सांगितलेल्या स्तराची अधिकृत स्पर्धा लागते, आणि त्या प्रमाणपत्राचा क्रीडा विभागाकडून पडताळणी अहवाल लागतो. हा अहवाल शेवटच्या तारखेआधीचा हवा. प्रमाणपत्र २०१९ चं आणि अहवाल मुदतीनंतरचा, असं असेल तर खेळाडू म्हणून तुम्ही बाद.

*लहानसहान पण अडवणारे.* संगणक अर्हता (एमएस-सीआयटी किंवा समकक्ष) आणि लिपिक पदासाठी टायपिंग, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट. खासगी क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही. राज्य परीक्षा परिषदेचं लागतं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र विवाहितांसाठी महत्त्वाचं : २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर उमेदवार अपात्र ठरतो.

इथे थांबून तपासा : प्रत्येक दाखल्याच्या झेरॉक्सच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन तारखा लिहा, दिल्याची आणि संपण्याची. सेवा केंद्रात अर्ज टाकल्याची पावती जपा. ठरलेल्या मुदतीत दाखला आला नाही तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अपील करता येतं. पावती नसेल तर अपील कशावर करणार?

टप्पा २ : जाहिरात पूर्ण वाचा, ठरावीक क्रमाने

व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘मेगा भरती’चं चित्र ही जाहिरात नव्हे. संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या आणि हातात पेन घेऊन याच क्रमाने वाचा.

१. अर्जाची शेवटची तारीख, आणि अर्हता-दाखले कोणत्या तारखेला धरणार. बहुधा दोन्ही एकच असतात, तरी वेगळं लिहिलेलं असेल तर तेच खरं.

२. शैक्षणिक अर्हता. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असेल तर ‘पदवीधर’ लिहिता येत नाही. शिवाजी विद्यापीठाचा निकाल उद्या लागेल म्हणून आज टिक केलेले अर्ज गुणपत्रिकेवरच्या तारखेने पडतात. बॅकलॉग असणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

३. वय. साधारणपणे खुल्यासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३. वय मोजण्याचा दिनांक जाहिरातीत वेगळा दिलेला असतो. आजच्या तारखेने मोजू नका.

४. पदांचा तक्ता. आपल्या प्रवर्गाच्या ओळीत सर्वसाधारण किती, महिला किती, खेळाडू किती. प्रवर्गात १२ जागा दिसतात, त्यातल्या सर्वसाधारण चारच निघतात. आणि जागा शून्य असेल तर दाखला असूनही तुम्ही खुल्यातच लढताय.

५. किती अर्ज करता येतील. हा नियम भरतीगणिक बदलतो.

टप्पा ३ : कुठे अर्ज करायचा ते ठरवा

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं होती आणि उमेदवाराला एकाच जिल्ह्यात अर्ज करता येत होता. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद भरतीतही प्रत्येक संवर्गासाठी एकच जिल्हा निवडायचा होता. ‘आपला जिल्हा बरा’ म्हणून डोळे झाकून कोल्हापूर निवडणारे पुष्कळ. माझं मत विचाराल तर आधी तक्ता, मग घर. आपल्या जिल्ह्यात तयारी करणारी मुलं गावोगावच्या अभ्यासिकांत ठासून भरलेली आहेत आणि कटऑफ त्याप्रमाणेच लागतो. बाजूच्या जिल्ह्यात तुमच्या प्रवर्गाच्या तिप्पट जागा असतील तर विचार करायला हवा.

उलट बाजूही बघा. जिल्हा बदलून घेणं वर्षानुवर्षं चालतं. घरी एकटी आई असेल आणि तुम्ही गडचिरोलीत जागा घेतली, तर नोकरी लागल्यावर पहिलं काम बदलीचा अर्ज हेच होऊन बसतं. हे ठरवायला घरच्यांसोबत एक संध्याकाळ द्या, कॅफेत रांगेत उभं राहून ठरवू नका.

टप्पा ४ : फॉर्म भरा

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच. कॅफेवाल्याच्या ईमेलवर नोंदणी केली की हॉल तिकीट, उत्तरपत्रिका, पडताळणीची सूचना सगळं त्याच्या मेलबॉक्समध्ये जातं. त्याने दुकान बदललं की तुम्ही गेलात. पासवर्ड वहीत लिहा.

फोटो अलीकडचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सांगितलेल्या केबीत. सही रोजची असेल तशीच. इंग्रजी मोठ्या अक्षरांतली सही आयबीपीएस (भरती परीक्षा घेणारी संस्था) घेत नाही. आयबीपीएसच्या परीक्षेला डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हस्ताक्षरातलं प्रतिज्ञापन लागतं. दुसऱ्याने लिहून दिलेलं प्रतिज्ञापन पुढे हस्ताक्षर पडताळताना उघडं पडतं. एमपीएससीला आधी प्रोफाइल आणि केवायसी (ओळख पडताळणी) करावी लागते, ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

प्रवर्गाच्या रकान्यात पोटजातीचा क्रमांक दाखल्यावरूनच उतरवा. समांतर आरक्षणाचा रकाना भरायचा राहिला तर नंतर दाखला दाखवून उपयोग होत नाही. मागितलं नाही ते मिळत नाही, आणि मागितलेलं सिद्ध झालं नाही तर जागा जाते.

गुन्ह्याचा रकाना खरा भरा. गणपतीच्या मिरवणुकीत साउंड सिस्टीमवरून मंडळाच्या पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि पोरं ते विसरून जातात. चारित्र्य पडताळणीत ते निघतातच. किरकोळ गुन्हा सांगितला तर अधिकारी त्याचं स्वरूप बघून ठरवतात; लपवला तर लपवल्याबद्दलच अपात्र करतात.

आधीच कुठे सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आजच कार्यालयात द्या. ते फाइलवरून फिरत फिरत येतं.

सबमिट करण्याआधी : प्रिव्ह्यू छापा आणि शेजारी बसलेल्या मित्राला दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. अंतिम सबमिटनंतर बहुतेक ठिकाणी बदल होत नाही.

टप्पा ५ : शुल्क

अलीकडच्या बहुतेक सरळसेवा जाहिरातींत खुल्यासाठी १,००० आणि मागास प्रवर्गासाठी ९०० रुपये. खात्यातून पैसे गेले म्हणजे शुल्क भरलं असं होत नाही. अर्जाच्या पानावर ‘यशस्वी’ दिसलं आणि पावती उतरली तरच भरलं. शेवटच्या रात्री साइट अडकते, पैसे ‘प्रलंबित’ दाखवते, बँक आठवड्याने परत करते आणि तोवर मुदत गेलेली असते. निदान चार दिवस आधी भरा. पावती आणि अर्ज, दोन्ही ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

टप्पा ६ : हॉल तिकीट ते परीक्षा

२०२३ च्या तलाठीच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता-गणित सारख्या वाट्याने, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न सोडून येणं गुन्हाच. पण सगळ्या पदांना हा नियम नाही. एमपीएससीत गुण कापतात. आपल्या जाहिरातीतला परिच्छेद बघा.

केंद्र कोल्हापुरातच मिळेल असं नाही. सांगली, पुणे, सोलापूर, काहीही येतं. जुलै-ऑगस्टचा पेपर असेल तर पंचगंगेची पातळी बघून निघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडीतल्या मुलांनी पावसाळ्यात आदल्या दिवशी केंद्राच्या गावात मुक्कामाला जावं.

मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधला आधारचा फोटो गेटवर चालत नाही.

टप्पा ७ : उत्तरतालिका, गुण आणि यादी

परीक्षेनंतर लॉगिनमध्ये तुमची उत्तरं आणि तालिका येते. हरकतीची मुदत थोडी असते आणि प्रत्येक प्रश्नाला शुल्क लागतं. हरकत घेताना प्रमाण पुस्तकाचं पान जोडा. गाइडचं पान कुणी मानत नाही. परीक्षा अनेक सत्रांत असेल तर गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांतला फरक सूत्राने समान करतात, त्यामुळे मूळ गुण आणि यादीतले गुण वेगळे दिसतात. त्यात घोटाळा शोधत रात्र काढू नका.

या काळात ‘यादीत नाव बसवतो’ म्हणणारे फोन येतात. निवड होणारच असेल तर होते आणि तो पैसे ठेवतो; नाही झाली तर परत देतो किंवा देत नाही. त्याचा धंदा एवढाच आहे. पैसे देणाराही गुन्ह्यात अडकतो.

टप्पा ८ : कागदपत्र पडताळणी आणि पुढे

मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, अर्जाची प्रत, शुल्काची पावती. क्रम जाहिरातीतल्या यादीचाच ठेवा, तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम सोपं झालं की तुमचंही होतं. एखाद्या कागदात फरक असेल तर आधीच प्रतिज्ञापत्र करून न्या. पण मुदतीनंतरचा दाखला प्रतिज्ञापत्राने मागच्या तारखेचा होत नाही.

मागास प्रवर्गातून निवड झाली तर जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, लागते. बारावी विज्ञान किंवा डिप्लोमाला ती काढली असेल तर तीच चालते. नसेल तर नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या पत्रासह विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समितीकडे प्रस्ताव द्यावा लागतो. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत लावा. प्रकरण बरंच हलकं होतं.

पोलीस भरतीचे फरक

आधी मैदान, ५० गुणांचं : मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळाले पाहिजेत, मग एका जागेला दहा या प्रमाणात १०० गुणांच्या लेखीला बोलावतात. शिपाई पदाला वय खुल्यासाठी २८, मागासांसाठी ३३. एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज केला तर उमेदवारी रद्द होते. शिपाई, चालक, राज्य राखीव दल ही वेगळी पदं आहेत, त्यांना वेगळे अर्ज करता येतात. मात्र मैदानाच्या तारखा एकमेकींवर आल्या तर लगेच लेखी विनंती द्यावी. उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी असणाऱ्यांनी आधीच सरकारी दवाखान्यात मोजून घ्यावी. मैदानावर वाद घालून उंची वाढत नाही.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर

ती साधारण एक वर्ष किंवा पुढची जाहिरात येईपर्यंत, यापैकी जे आधी होईल तोवर चालते. वरचे उमेदवार दुसरीकडे रुजू होतात, बाद होतात, जागा रिकाम्या होतात. कार्यालयातून येणारा फोन अनोळखी नंबरचा असतो आणि पत्र अर्जातल्या पत्त्यावर जातं. भाड्याची खोली सोडली असेल तर पत्ता बदलल्याचं लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.